जुनी नाणी जमवताना: हाताळणी, दर्जा, सफाई आणि खरेदी-विक्री

घरात एखादं काळं पडलेलं जुनं नाणं सापडलं की हात आपोआप चिंचेकडे, लिंबाकडे नाहीतर टूथपेस्टकडे वळतो. नाणी जमवायची असतील तर सगळ्यात आधी हा हात आवरायला शिका. जुन्या नाण्याचा जीव त्याच्या पृष्ठभागात असतो. छाप पडली तेव्हा धातूवर उमटलेल्या सूक्ष्म रेषा, नंतर वर्षानुवर्षं चढत गेलेला रंग, हाताळून झालेली झीज, हे सगळं वरच्या पातळ थरात साठलेलं असतं. दर्जा, खरंखोटं, भाव, सगळं तिथेच वाचायचं असतं. तो थर एकदा घासला गेला की पुन्हा येत नाही.

हाताळणी आणि साहित्य

नाणं कायम कडेला दोन बोटांत धरा. बोटांवरचा घाम आणि तेल छापेवर लागलं तर, विशेषतः तांब्याच्या नाण्यावर, बोटाचा ठसा कालांतराने कायमचा उमटतो. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. सुती हातमोजे मला पटत नाहीत, त्यांनी पकड सैल होते आणि नाणं निसटतं. पाहताना खाली जाडसर मऊ कापड अंथरा. नाण्यावर वाकून बोलणंही टाळा. थुंकीचा बारीकसा शिंतोडा तांब्यावर पडला की पुढे त्याचा काळा ठिपका होतो, आणि तो नाण्याला इजा न करता निघत नाही.

साहित्य फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, व्यास मोजायला कॅलिपर, लहान पण जोरदार निओडायमियम चुंबक आणि एकाच दिशेने उजेड टाकणारा टेबललॅम्प. यातल्या दिव्याला लोक किंमत देत नाहीत. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात घासल्याच्या खुणा लपून जातात. एकाच बाजूने येणाऱ्या प्रकाशात नाणं सावकाश तिरकं फिरवलं की त्या लख्ख दिसतात.

नाणं ओळखायचं कसं

दोन्ही बाजूंवरचा मजकूर, मूल्य, वर्ष, टांकसाळीचं चिन्ह, धातू, वजन, व्यास आणि कड, एवढ्या गोष्टी टिपून घ्या. टांकसाळीचं चिन्ह बहुधा एखादं इवलंसं अक्षर किंवा टिंब असतं आणि नवखा माणूस नेमकं तेच पाहत नाही. एकाच वर्षाच्या, एकाच मूल्याच्या दोन नाण्यांच्या भावात त्या एका अक्षराने प्रचंड फरक पडू शकतो. कडही तितकीच बोलकी असते. तिच्यावर दाते आहेत, अक्षरं आहेत की ती गुळगुळीत आहे, हे लिहून ठेवा. दाते मुळात आले ते सोन्याचांदीच्या नाण्यांच्या कडा कातरून धातू लांबवणाऱ्यांना आळा घालण्यासाठी. कातरलेली कड लगेच दिसावी, हा हेतू.

आणखी एक गोष्ट तपासा. नाणं उभं धरून उभ्या अक्षाभोवती फिरवा. मागची बाजू सुलट दिसते की उलटी? प्रत्येक नाणेप्रकारात ही ठेवण ठरलेली असते. ती जुळत नसेल तर एक तर टांकसाळीत ठसा, म्हणजे छाप मारणारा साचा, फिरला होता, नाहीतर नाणं नकली आहे. दोन्ही शक्यतांसाठी ते जरा जास्त बारकाईने पाहायला हवं.

नाण्यावरच्या वर्षावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. मारिया थेरेसाच्या प्रसिद्ध चांदीच्या थेलरवर 1780 हे वर्ष आहे. ही ऑस्ट्रियाची राणी त्याच वर्षी वारली, पण व्यापारात त्या नाण्याला इतका मान होता की पुढे दीडशेहून जास्त वर्षं तेच वर्ष घालून ते पाडलं गेलं, व्हिएन्नाप्रमाणेच लंडन, रोम आणि मुंबईच्या टांकसाळीतही. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधल्या रुपयांवरही मुघल बादशहा शाह आलम दुसऱ्याच्या राजवटीचं 19 वं वर्ष पुढे कित्येक वर्षं तसंच छापलं जात राहिलं. कालगणनाही वेगळी असू शकते. नाण्यावर 1200 दिसलं आणि ते हिजरी सन असेल, तर इसवी सन 1785-86 येतो.

एवढी माहिती हाती आली की नुमिस्टासारख्या ऑनलाइन सूचीत शोधा. जगभरच्या सूचींमध्ये बहुतेक नाण्यांना ‘केएम’ (क्राउस-मिशलर सूचीतला) क्रमांक दिलेला असतो. तो एकदा मिळाला की विक्रेत्याशी बोलताना, लिलावातले भाव शोधताना गोंधळ होत नाही.

काय जमवायचं

मिळेल ते गोळा करत गेलात तर डबा भरतो, संग्रह होत नाही. एखादी राजवट, एखादं मूल्य, एखादी टांकसाळ, काही एक सूत्र धरा. आणि जुनं म्हणजे महाग हा समज पहिल्याच दिवशी सोडून द्या. चौथ्या शतकातली रोमन काशाची छोटी नाणी आजही स्वस्तात मिळतात, कारण ती अमाप पाडली गेली आणि अमाप सापडतात. उलट अमेरिकेचं 1933 चं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं 2021 मध्ये जवळपास 1 कोटी 89 लाख डॉलरना विकलं गेलं. ते पाडलं होतं साडेचार लाखांच्या आसपास, पण चलनात आणायच्या आधीच वितळवलं गेलं आणि मोजकीच वाचली. म्हणजे किती पाडली यापेक्षा किती उरली आणि ती किती जणांना हवी आहेत, यावर भाव ठरतो.

माझं मत विचाराल तर सुरुवातीला दुर्मीळ पण भोक पाडलेलं, घासलेलं नाणं घेण्यापेक्षा सर्रास मिळणारं पण स्वच्छ, मूळ पृष्ठभागाचं नाणं घ्या. डोळा त्यावर तयार होतो.

दर्जा म्हणजे काय

दर्जा ठरवणं म्हणजे नाणं टांकसाळीतून निघालं त्या स्थितीपासून ते किती दूर आलं आहे, हे सांगणं. आज सगळीकडे चालणारी 1 ते 70 ची मोजपट्टी विल्यम शेल्डन या अमेरिकी संग्राहकाने 1949 मध्ये त्याच्या देशातल्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटांसाठी मांडली होती. ती नंतर सगळ्या नाण्यांना लागू झाली. ढोबळमानाने गुड, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रा फाइन, अबाउट अनसर्क्युलेटेड आणि अनसर्क्युलेटेड अशा चढत्या पायऱ्या आहेत. व्यवहारात व्हीएफ, एक्सएफ, एयू, यूएनसी असं म्हटलं जातं. मोजपट्टीवर 60 पासून पुढे न वापरलेली नाणी येतात. ‘गुड’ या शब्दाने फसू नका. गुड दर्जाचं नाणं चांगलंच झिजलेलं असतं, जेमतेम वाचता येण्याइतकं. ‘प्रूफ’ ही तर पायरीच नव्हे. खास घासूनपुसून तयार केलेल्या ठशांनी, खास चकत्यांवर पाडलेलं नाणं म्हणजे प्रूफ. तेही वापराने झिजू शकतं.

आता एखादं राजा-राणीचा मुखवटा असलेलं चांदीचं नाणं दिव्याखाली घ्या. सगळ्यात उंच भाग आधी झिजतात: कानावरचे केस, गालाचं हाड, मुकुटाचे मणी, खांद्यावरच्या वस्त्राच्या चुण्या. भिंगातून कानावरच्या केसांकडे पाहा. बट सुटी सुटी मोजता येते का? दोन बटा मिळून एकच पट्टा झाला आहे का? की तिथे सपाट, करडा डाग उरला आहे? या तीन स्थितींमधलं अंतर म्हणजेच एक्सएफ, व्हीएफ आणि फाइन यांच्यातलं अंतर. मग केस सोडून मैदानाकडे, म्हणजे चित्राभोवतीच्या मोकळ्या सपाट जागेकडे, या आणि नाणं हळूहळू कलवा. न वापरलेल्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा मध्यबिंदूभोवती चाकाच्या आऱ्यासारखा फिरतो. छाप पडताना धातू दाबाखाली वाहतो, त्याच्या सूक्ष्म रेषा केंद्रापासून कडेकडे जातात आणि त्या रेषांवरून हा उजेड फिरतो. हीच मूळ झळाळी. उंचवट्यावर ती तुटली असेल तर नाणं वापरात आलं होतं, मग विक्रेता काहीही म्हणो.

इथे एक फसवी जागा आहे. काही नाण्यांवर छापच कमजोर पडलेली असते, म्हणून केस सपाट दिसतात. कमजोर छापेच्या जागी पृष्ठभाग किंचित खरखरीत असतो आणि झळाळी शाबूत असते. झिजलेली जागा गुळगुळीत आणि मंद असते. हा फरक पुस्तकातून कळत नाही. एकाच प्रकारची, वेगवेगळ्या झिजेची स्वस्त नाणी शेजारी शेजारी मांडून पाहत राहा, त्याला दुसरा उपाय नाही.

साफसफाई: बहुतेक वेळा करायचीच नाही

चांदी हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे काळवंडते. वर चढतो तो सिल्व्हर सल्फाइडचा थर. तो पातळ असताना सोनेरी, निळा, जांभळा असे रंग दाखवतो आणि असं रंगलेलं नाणं कित्येकदा पांढऱ्या शुभ्र नाण्यापेक्षा जास्त भावाने जातं. तांब्यावरचा तपकिरी किंवा गडद हिरवा, घट्ट, गुळगुळीत थर आतल्या धातूचं रक्षण करतो. हे दोन्ही काढून टाकणं म्हणजे नाण्याचं नुकसान.

टूथपेस्ट, राख, पितांबरी पावडर यांत घासणारे कण असतात, त्यांनी नाण्यावर असंख्य बारीक समांतर चरे पडतात. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतलं आम्ल थरासोबत धातूही खातं आणि तांब्याला नवखा, भगवट गुलाबी रंग आणतं. अनुभवी डोळ्याला तो रंग खोलीच्या दारातूनही ओळखता येतो. चांदी क्षणात पांढरी करणारे ‘डिप’ मिळतात. ते बहुधा थायोयूरिया आणि आम्लाचे असतात. सल्फाइडसोबत धातूच्या त्या सूक्ष्म रेषाही विरघळतात, म्हणून वारंवार बुडवलेलं नाणं पांढरं दिसतं, पण मेलेलं दिसतं. दर्जा देणाऱ्या संस्था असं नाणं ‘क्लीन्ड’ असा शेरा मारून बाजूला काढतात आणि त्याला आकडाच देत नाहीत.

मग करायचं काय? सुटी माती असेल तर नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, पाणी रोज बदला, घाई करू नका. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि क्षार धातूला चांगले नाहीत. बाहेर काढून मऊ कापडावर ठेवा आणि वरून टिपून घ्या. पुसायचं नाही, टिपायचं. पुसताना उरलेला मातीचा एक कणही चरा पाडतो.

चिकटपट्टीचा डिंक, तेल, प्लास्टिकच्या पाकिटातून उतरलेला हिरवट चिकटा यांवर शुद्ध ॲसिटोन चालतं. ते धातूशी अभिक्रिया करत नाही, फक्त सेंद्रिय घाण विरघळवतं. काचेचं भांडं वापरा, प्लास्टिकचं नको. नेलपॉलिश रिमूव्हरही नको, त्यात सुगंध आणि इतर द्रव्यं असतात. ॲसिटोन पटकन पेट घेतं, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅस, उदबत्ती काहीही जवळ नको. शेवटी ताज्या ॲसिटोनमध्ये एकदा विसळून नाणं तसंच वाळू द्या. खोदकामातल्या नाण्यांसाठी कोणी ऑलिव्ह तेलात महिनोन्महिने बुडवायला सांगतात. त्यातलं आम्ल हळूहळू पृष्ठभाग बदलतं, मी ते सुचवणार नाही.

एकच दुखणं असं आहे ज्याला हात लावावाच लागतो. तांब्या-काशाच्या नाण्यावर फिकट हिरवी, भुसभुशीत, टाचणीने सहज खरवडली जाणारी पूड दिसली तर ती क्लोराइडमुळे झालेली कीड आहे, इंग्रजी व्यवहारात तिला ‘ब्राँझ डिसीज’ म्हणतात. दमट हवेत ती आतल्या धातूला खात जाते आणि खड्डे पाडते. असं नाणं ताबडतोब इतरांपासून वेगळं करा, कोरडं करा आणि सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवा. घट्ट, चकचकीत हिरवा थर आणि ही पूड यांत गल्लत करू नका. पहिल्याला वाचवायचं असतं. पुढचे रासायनिक उपचार मौल्यवान नाण्यावर स्वतः करू नका, संवर्धन जाणणाऱ्याकडे द्या.

ठेवायचं कशात

मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं आणि त्याच प्लास्टिकच्या पानांचे अल्बम टाळा. पीव्हीसी कालांतराने आम्ल सोडतं आणि वर सांगितलेला हिरवट चिकटा नाण्यावर येतो. मायलारची (पारदर्शक पॉलिस्टर फिल्मची) खिडकी असलेले पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर स्वस्त आणि चांगले. स्टेपलच्या पिना पक्कडीने चपट्या करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा ओढतात. महागाच्या नाण्याला मापाची टणक कॅप्सूल घ्या. रबरबँड, वर्तमानपत्र, लोकर यांत गंधक असतं, त्यांच्याजवळ चांदी ठेवू नका. लाकडी कपाटातूनही आम्लाची वाफ येते. डब्यात सिलिका जेल ठेवा आणि ते अधूनमधून बदला.

खरं की खोटं

पहिली चाचणी वजनाची. सॉव्हरिन या ब्रिटिश सोन्याच्या नाण्याचं वजन 7.988 ग्रॅम, व्यास 22.05 मिलिमीटर. ब्रिटिश काळातला 91.7 टक्के चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा. झिजेने वजन थोडं घटतं, वाढत मात्र नाही.

वजन जुळलं तरी घनता पाहा, हे घरीच जमतं. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला लागू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा, घनता आली. तो रुपया खरा असेल तर काटा साधारण 1.13 दाखवतो, म्हणजे घनता 10.3 च्या आसपास. पितळेवर चांदीचा मुलामा असेल तर त्याच वजनाला 1.37 च्या जवळचा आकडा येईल. नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटला तर हिशेब चुकतो, म्हणून बुडवल्यावर दोरा हलकेच हलवा. इथेही डिस्टिल्ड वॉटर घ्या आणि नंतर नाणं टिपून कोरडं करा.

चुंबकाला चांदी चिकटत नाही, पण तांबं आणि पितळही चिकटत नाही. त्यामुळे चुंबक खोटं पकडतं, खरं सिद्ध करत नाही. अमेरिकेने 1943 मध्ये युद्धासाठी तांबं वाचवायला सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाडले. मोजके तांब्याच्या चकत्यांवर पडले आणि ते प्रचंड महाग झाले. मग पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा देणारे आले, ते चुंबकाने लगेच उघडे पडतात. 1948 च्या सेंटमधला 8 कोरून 3 करणारे मात्र चुंबकाने सापडत नाहीत, तिथे भिंगाखाली आकड्याचं वळणच पाहावं लागतं.

ओतीव नकलेच्या कडेवर साच्याचा जोड दिसू शकतो. मैदानात सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोलसर होतात. ठशाने पाडलेली नक्कल जास्त अवघड. एकाच प्रकारच्या दोन नाण्यांवर नेमक्या त्याच जागी तोच ओरखडा दिसला तर दोन्ही दूर ठेवा, कारण वापरातले घाव दोन नाण्यांवर सारखे पडत नाहीत. नकलेचा धंदा जुनाच आहे. जर्मनीतला कार्ल विल्हेल्म बेकर (1772–1830) प्राचीन नाण्यांचे ठसे स्वतः कोरत असे आणि त्याने भल्याभल्या संग्राहकांना फसवलं.

खरेदी, विक्री आणि कायदा

विक्रेत्याने मागितलेला भाव म्हणजे बाजारभाव नव्हे. लिलावात प्रत्यक्ष मिळालेले भाव पाहा, तेही त्याच दर्जाच्या नाण्याचे. लिलावात हातोडा पडलेल्या रकमेवर खरेदीदाराचं कमिशन आणि कर चढतात, तेव्हा बोली लावण्याआधी ते मनात धरून कमाल रक्कम ठरवा आणि तिच्यापुढे जाऊ नका. फोटोवरून घेत असाल तर दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो मागा, तिरप्या उजेडातला एखादा व्हिडिओ मिळाला तर उत्तमच. परत घेण्याची मुदत लेखी घ्या. तुम्ही विकायला गेलात की डीलर सूचीतल्या भावापेक्षा बरंच कमी देईल. त्याचं भांडवल अडकतं, जोखीम असते, तेव्हा याचा राग धरू नका, पण दोन-तीन ठिकाणी विचारा.

पीसीजीएस (1986) आणि एनजीसी (1987) या संस्था नाणं तपासून, आकडा देऊन सीलबंद ‘स्लॅब’मध्ये घालतात. महाग नाण्याला याचा खरोखर उपयोग होतो. साध्या नाण्याला शुल्कच नाण्याहून जास्त पडतं. स्लॅबचीही नक्कल होते, म्हणून त्यावरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर तपासा आणि तिथला फोटो हातातल्या नाण्याशी ताडून पाहा.

‘तुमच्या जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी नोंदणी शुल्क भरा’ असा निरोप आला तर तिथेच संवाद तोडा. खरा खरेदीदार विकणाऱ्याकडून पैसे मागत नाही.

जमिनीत सापडलेल्या नाण्यांना कायदा लागतो. ब्रिटनमध्ये 1996 चा, भारतात 1878 चा निखात निधीचा (पुरलेल्या धनाचा) कायदा आहे, आणि इतर अनेक देशांत याहून कडक नियम आहेत. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा 1970 चा करारही आहे. प्राचीन नाणं घेताना ते आधी कोणाच्या संग्रहात होतं, कुठल्या लिलावात विकलं गेलं, हे विचारा. जुनं पाकीट, डीलरची पिवळी पडलेली चिठ्ठी, पावती यांतलं काहीही फेकू नका. नाण्याचा तो दाखलाच असतो आणि पुढे भावात त्याची भर पडते.

प्रत्येक नाण्याची नोंद ठेवा: कोणाकडून, कधी, कितीला घेतलं, वजन, व्यास, दर्जा आणि दोन्ही बाजूंचे फोटो. टपालाने पाठवताना होल्डर दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये घट्ट बसवा, हलवून खुळखुळ येत नाही ना ते पाहा, पाकिटावर आत नाणं असल्याचं लिहू नका आणि विमा उतरवा. पाकीट बंद करण्याआधी नाण्याचा काट्यावर वजनासकट एक फोटो काढून ठेवा. नंतर बदललेलं नाणं परत आलं तर तोच पुरावा कामी येतो.